उभ्या विमानाला गाडी लागते कशी: शेवटच्या पाच मीटरांचा हिशेब

लोहगाव विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये ट्रॅक्टर चालक म्हणून रुजू होणाऱ्या एका तरुणाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. विमान एवढे मोठे, एप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या फरशीवर, लख्ख उजेड, गाडीचा वेग सायकलीइतका, तरी गाड्या विमानाला लागतात कशा? नुसता पोचा पडला तर विमान तासन्‌तास का अडवून ठेवतात? आणि आपल्या हातून असे होऊ नये म्हणून नेमके काय पाळायचे?

पुण्यात हा प्रश्न पडणे साहजिक आहे. मे २०२४ मध्ये इथून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाची टग ट्रॅक्टरशी, म्हणजे विमान ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या गाडीशी, टक्कर झाली. आत सुमारे १८० प्रवासी होते. सगळे सुखरूप उतरले, पण विमान तपासणीसाठी थांबले आणि विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने चौकशी लावली. एप्रिल २०२५ मध्ये बेंगळुरूला एक टेम्पो ट्रॅव्हलर इंडिगोच्या उभ्या एअरबस ए३२० विमानाच्या नाकाखाली घुसली. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्लीत गो फर्स्टची मोटार इंडिगोच्या विमानाच्या नाकाखाली गेली आणि पुढच्या चाकाच्या अगदी अलीकडे थांबली. डिसेंबर २०१५ मध्ये कोलकात्याला जेट एअरवेजची बस एअर इंडियाच्या उभ्या एटीआर या छोट्या विमानावर आदळली. इंजिन आणि पंख दोन्हींचे नुकसान झाले.

असे प्रसंग बातमीत येतात कारण त्यांचे फोटो भयंकर दिसतात. रोजचे नुकसान मात्र निराळ्या ठिकाणी होते. आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, २०२२ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. उभ्या विमानांचे बहुतेक नुकसान मोटरवर चालणारी उपकरणे विमानाच्या धडाला लागल्यामुळे होते, आणि बेल्ट लोडर (सरकत्या पट्ट्याने सामान चढवणारी गाडी), कार्गो लोडर, प्रवासी शिड्या व एरोब्रिज या चौघांमुळेच एकूण खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग येतो, असे त्यात निघाले. २०१९ मध्ये जगभरात जवळपास ५ अब्ज डॉलर असलेला हा खर्च काही बदल न केल्यास २०३५ पर्यंत दुप्पट होईल, असा त्यांचा अंदाज आहे. या चारही उपकरणांना विमानाला जवळजवळ टेकूनच काम करावे लागते. म्हणून तुमच्या कामातली सगळ्यात धोक्याची जागा शेवटचे पाच मीटर ही आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते मनात पक्के बसले की पहिल्या आणि तिसऱ्याचे निम्मे उत्तर आपोआप मिळते.

ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाच्या धडाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि बऱ्याच भागात त्याची जाडी एक ते दोन मिलिमीटर असते. त्याच्या आत आडव्या फ्रेम आणि लांबीच्या दिशेने स्ट्रिंगर असतात. पत्रा त्यांना रिव्हेटांनी जोडलेला असतो. विमान वर गेले की आतली हवा दाबाखाली ठेवतात. मोठ्या उंचीवर आतल्या आणि बाहेरच्या दाबात सुमारे ८ पीएसआयचा (चौरस इंचाला ८ पौंडांचा) फरक असतो, म्हणजे दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या आसपास जोर. सामानाच्या कप्प्याचे दार साधारण सव्वादोन चौरस मीटरचे धरले तर त्या एका दारावर आतून बारा टन रेटा असतो. प्रत्येक उड्डाणात हा रेटा एकदा चढतो आणि एकदा उतरतो. फुगा भरावा आणि सोडावा तसे, दिवसातून सहा-सात वेळा, वर्षानुवर्षे.

आता त्या पत्र्यावर बेल्ट लोडरची कड घासली आणि एक चुण पडली असे समजा. गोल, उथळ पोचा तेवढा वाईट नसतो. धारदार चुण वाईट, कारण तिथे धातू ताणला जातो आणि दाबाचा सगळा जोर त्या रेषेवर जमा होतो. तडा तिथूनच सुरू होतो. त्याहून वाईट म्हणजे बाहेरून पोचा किरकोळ दिसतो आणि आतली फ्रेम वाकलेली किंवा स्ट्रिंगर चिरलेला असतो. पत्रा परत बाहेर येतो, पण फ्रेम येत नाही.

२६ डिसेंबर २००५ रोजी सिॲटलहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ विमानाचे हेच झाले. जमिनीवर असताना सामान चढवणाऱ्यांच्या वाहनाचा विमानाला धक्का लागला होता आणि पत्र्यावर चुण पडली होती. ज्याच्या हातून लागला त्याने ते वेळेवर सांगितले नाही. विमान सुमारे २६,००० फुटांवर गेल्यावर तिथला पत्रा फाटला, साधारण ३० गुणिले १५ सेंटिमीटरचे भोक पडले आणि केबिनमधला दाब गेला. वैमानिकांनी विमान तातडीने खाली आणले आणि सिॲटलला परत उतरवले. सगळे वाचले. धक्का लागला त्या क्षणी कुणी हात वर केला असता तर तपासणीत ती चुण सापडली असती आणि ते विमान उडालेच नसते.

कार्बन फायबरसारख्या कंपोझिट भागांचा धोका आणखी फसवा असतो. ए३२० चा उभा शेपूट-पंख, फ्लॅप, इंजिनाची आवरणे आणि नाकावरचा रेडोम असे बरेच भाग धातूचे नसतात. कंपोझिटला मार लागला की तो भाग दबतो, परत जागेवर येतो, आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. बाहेर रंगावर एखादा ओरखडा दिसतो किंवा तोही दिसत नाही. म्हणून इंजिनिअर तिथे नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करून आवाज ऐकतो. थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. शंका राहिली तर अल्ट्रासाउंड लावतात.

विमान का अडवून ठेवतात हे यावरून कळेल. इंजिनिअर पोच्याची लांबी, रुंदी आणि खोली मोजतो. जवळच्या फ्रेमपासून, स्ट्रिंगरपासून आणि रिव्हेटांच्या ओळीपासून तो किती दूर आहे ते पाहतो. मग हे आकडे उत्पादकाच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधल्या मर्यादांशी ताडतो. मर्यादेत बसले तर नोंद करून विमान सोडता येते. नाही बसले तर आतले अस्तर काढून फ्रेम पाहावी लागते, एडी करंट या विजेच्या तपासणीने तडे शोधावे लागतात, उत्पादकाला मोजमापे पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते. दाराच्या चौकटीजवळच्या पोच्याला जवळपास काहीच सूट मिळत नाही, आणि नेमक्या त्याच चौकटीला तुमची शिडी आणि बेल्ट लोडर भिडतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

शहरात गाडी चालवून जी नजर तयार होते ती एप्रनवर दगा देते. विश्रांतवाडीच्या किंवा ५०९ चौकाच्या गर्दीत वीतभर फटीतून गाडी काढणे हे कौशल्य मानले जाते. तिथे चुकले तर बंपरला चरा पडतो. शिवाय आजूबाजूच्या गाड्या तुमच्याच उंचीच्या असतात, त्यामुळे अंतर डोळ्यांच्या पातळीवर दिसते. विमान तसे नसते. त्याचे नाक आणि शेपूट वर असते, इंजिन खाली लोंबते आणि पंख डोक्यावरून जातो. ए३२० च्या पंखांची एकूण रुंदी टोकाच्या शार्कलेटसह ३५.८ मीटर, म्हणजे मध्यरेषेपासून एका बाजूला जवळपास १८ मीटर. ट्रॅक्टर चालकाची नजर समोरच्या सामानाच्या दारावर असते आणि पंखाचे टोक त्याच्या दृष्टीच्या वरच्या कडेला कुठेतरी असते. जेवण चढवणाऱ्या, उंच खोक्याच्या केटरिंग हायलिफ्टच्या चालकाला तर ते केबिनच्या छतामुळे दिसतच नाही. ७३७ च्या इंजिनाखाली जेमतेम गुडघाभर जागा असते; मोटार किंवा बोलेरो तिथून जाईल असे कुणाला वाटत नाही, पण ट्रॉलीची दांडी वळताना तिथे पोचते.

रात्री यात भर पडते. पांढऱ्या, गोलाकार धडावर फ्लडलाइटचा प्रकाश पडला की त्यावर कडा उरत नाही. डोळा अंतर ओळखतो ते कडांवरून, सावल्यांवरून. दोन खांबांवरच्या दिव्यांनी दोन सावल्या पडतात आणि बेल्टचे टोक पत्र्यापासून एक फुटावर आहे की चार इंचांवर, हे केबिनमधून सांगता येत नाही. म्हणूनच खाली उभा राहून हाताने इशारे करणारा गाइड लागतो. अनुभवी चालकालाही लागतो, कारण ही मर्यादा कौशल्याची नसून डोळ्याची आहे.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर करून पाहावा. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर तेवढ्यात गाडी ४.२ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या काँक्रीटवर थांबायला आणखी दोन-सव्वादोन मीटर लागतात. ओल्यावर, तेल सांडलेले असेल तर, चारच्या पुढे. म्हणजे एकूण सहा ते साडेआठ मीटर. ताशी ५ किलोमीटरला, म्हणजे चालण्याच्या वेगाला, हेच सगळे दीड-पावणेदोन मीटरांत उरकते. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १५ च्या वेगाने लागलेला धक्का ५ च्या धक्क्याच्या नऊपट असतो. त्यात मागे भरलेल्या चार ट्रॉल्या असतील तर ट्रॅक्टर थांबला तरी मागचे काही टन वजन त्याला पुढे रेटते.

तरीही वेग आणि नजर ही अर्धीच कारणे झाली. उरलेले अर्धे म्हणजे क्रम मोडणे. विमान येऊन परत सुटायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ असतो आणि त्यात शिडी, बस, सामान, केटरिंग, इंधन, पाणी, टॉयलेट कार्ट आणि सफाई एवढ्या सगळ्यांना एकाच बेवर, म्हणजे विमान उभे राहण्याच्या जागेवर, काम करायचे असते. एक गाडी पाच मिनिटे उशिरा आली की दुसरी तिच्या जागेत घुसते, तिसरी उलट्या बाजूने येते, आणि मग कुणीतरी पंखाखालून मागे घेऊन निघायचे ठरवतो. अनेक धडकांच्या मुळाशी असा एखादा छोटा, समजण्यासारखा शॉर्टकट असतो.

आता काय पाळायचे ते.

गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा. टायर, ब्रेक ऑइलची गळती, पुढचे रबरी बंपर, छतावरचा पिवळा बीकन, रिव्हर्सचा आवाज, अग्निशामक. रबरी बंपर फाटलेला असेल आणि आतला लोखंडी पाइप उघडा असेल तर ती गाडी विमानाजवळ न्यायची नाही, वहीत लिहून उभी करायची. दुसऱ्या पाळीतल्या चालकाने काय सांगितले यावर विसंबू नका. अनोळखी गाडी असेल तर बेपासून लांब एकदा पुढे-मागे घेऊन ब्रेकचा दाब पायाला कळू द्या. ऑटोमॅटिक गाड्या ब्रेक सोडला की आपोआप सरकतात. विजेवरच्या गाड्यांना आवाज नसतो आणि पॅडलला पाय लागताच झटका बसतो. डिझेलवरून त्यांच्यावर गेलेल्या चालकांकडून पहिल्या काही दिवसांत इथेच चूक होते.

बेच्या लाल रेषेबाहेर थांबा. ती रेषा म्हणजे विमान येताना आणि जाताना कुठलेही उपकरण आत नसावे अशी हद्द. विमान आत येऊन उभे राहिले म्हणून रेषा ओलांडायची नाही. तीन गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या: इंजिने थांबली, पोटावरचा व पाठीवरचा लाल बीकन विझला, चाकांना चोक, म्हणजे अडवणारे ठोकळे, लागले. मग पंखांच्या टोकांना आणि इंजिनांपुढे रस्त्यावर असतात तसे शंकू (कोन) लागतात. बेवरच्या प्रमुखाने अंगठा दाखवला की पहिली गाडी आत. बीकन सुरू असताना आत गेलेल्या माणसाला इंजिन ओढून घेऊ शकते, त्यामुळे इथे घाई म्हणजे पोच्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

आत शिरताना ब्रेकची चाचणी हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. आयाटाच्या ग्राउंड ऑपरेशन्स मॅन्युअलप्रमाणे विमानाजवळ जाणाऱ्या प्रत्येक उपकरणाने किमान ५ मीटर आधी पूर्ण थांबायचे असते. चाके थांबली पाहिजेत. नुसता वेग कमी करणे चालत नाही. लाल रेषेपाशी एकदा आणि पाच मीटरवर दुसऱ्यांदा, असे दोनदा थांबण्याची सवय लावा. ब्रेक निकामी असेल तर तो पाच मीटरवर कळावा, पाच सेंटिमीटरवर नाही. तिथून पुढे चालण्याचा वेग, आणि गाइडच्या हाताकडे नजर. गाइड एकच असावा. दोघे दोन बाजूंनी हात हलवू लागले तर थांबा. गाइड आरशातून दिसेनासा झाला तरी थांबा.

विमानाच्या दिशेने कधीही सरळ रेषेत वेगाने येऊ नका. शक्य तिथे गाडी पत्र्याला समांतर आणा आणि शेवटी वळवा, म्हणजे ब्रेक चुकला तरी गाडी बाजूने निघून जाईल. बेल्ट लोडर याला अपवाद आहे, त्याला समोरूनच यावे लागते, म्हणून त्याला जास्त जपावे लागते. त्याचा बेल्ट खाली ठेवून यायचे, जागेवर थांबायचे, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला चोक, आणि मगच बेल्ट उचलायचा. बेल्टचे टोक दाराच्या उंबऱ्याला टेकवायचे नाही. रबरी बंपर पत्र्याला दाबून बसला तर चालेल असा एक गैरसमज सगळीकडे आढळतो. चालत नाही. सामान, प्रवासी आणि इंधन चढत जाते तसे विमान आपल्या चाकांवर खाली बसते, आणि सामान उतरले की वर येते. सुरुवातीला चार बोटे मोकळी असलेली जागा वीस मिनिटांनी उरत नाही. मग बेल्ट दाराच्या कडेला खालून रेटतो. गाडी तसूभर हललेली नसते आणि तरी चौकट वाकते. म्हणून काम चालू असताना हे अंतर दर काही मिनिटांनी पाहावे लागते.

शिडीचेही तेच. पुण्यात प्रवासी अजूनही बऱ्याच उड्डाणांना बसने येऊन शिडीने चढतात, त्यामुळे इथे शिड्यांचे काम जास्त. फलाट दाराच्या खालच्या कडेपेक्षा साधारण वीतभर खाली ठेवा. दार उघडे असताना ते शिडीवर टेकले आणि विमान खाली बसले तर दाराचे बिजागर जाते. जॅक खाली टेकल्याशिवाय शिडीवर कुणाला चढू देऊ नका आणि शिडी हलवण्याआधी दार बंद झाल्याचे, आत केबिन क्रूला कळल्याचे पाहा. नाहीतर उघड्या दारातून माणूस पडतो. पुढच्या डाव्या दाराजवळच नाकावर वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या आणि समोरच्या हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या लहान पट्ट्या असतात. शिडीच्या कठड्याने त्यातली एक जरी वाकली तरी वैमानिकाला वेग किंवा कोन चुकीचा दिसू शकतो. चुणीइतकाच तोही कळवण्याचा विषय आहे.

सामानाची दारे या विमानांना उजवीकडे असतात, म्हणजे तुमचे ट्रॅक्टर उजव्या बाजूने येणार. इंधन भरण्याची जागाही उजव्या पंखाखाली. बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर, उभा असताना त्याच्या समोरचा मार्ग मोकळा ठेवावा लागतो, आग लागली तर त्याला सरळ पुढे निघता आले पाहिजे. ट्रॉल्यांची माळ वळवताना लक्षात ठेवा की मागची प्रत्येक ट्रॉली पुढचीपेक्षा आतून वळते. ट्रॅक्टर शंकूपासून दोन मीटरवरून गेला तरी चौथी ट्रॉली शंकू उडवत जाते. चारपेक्षा जास्त भरलेल्या ट्रॉल्या लावू नका. आणि पंखाखालून जायचे नाही, रिकाम्या ट्रॅक्टरनेही नाही.

गाडी मागे घेणे जितके टाळता येईल तितके टाळा. घ्यावीच लागली तर मागे माणूस हवा.

पुण्याच्या हवामानाचा एक मुद्दा इथे सांगितला पाहिजे. एप्रिल-मेच्या दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो. ट्रॉलीची दांडी वर उचलली की तिचा ब्रेक लागतो, पण जुन्या ट्रॉल्यांचे ब्रेक झिजलेले असतात. बेच्या कडेला सोडलेली रिकामी ट्रॉली वाऱ्याने घरंगळत थेट इंजिनाच्या आवरणावर जाऊ शकते. ढग दाटलेले दिसले की मोकळ्या ट्रॉल्या एकमेकींना जोडा, चोक लावा, आणि शिड्या विमानापासून काढून जॅकवर उभ्या करा. जून ते सप्टेंबर बुटाचा तळ ओला असतो. केबिनमध्ये चढण्याआधी तो पुसण्याची सवय लागली तर पाय ब्रेकवरून घसरून ॲक्सिलरेटरवर जाण्याचा प्रसंग टळतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुके असते आणि त्याच वेळी रात्रपाळी संपत आलेली असते. पहाटे तीन ते सहा ही झोपेची सगळ्यात वाईट वेळ. कोलकात्याच्या आणि बेंगळुरूच्या घटनांनंतर चालकाला डुलकी लागल्याचीच चर्चा झाली. डोळे जड झाले तर पर्यवेक्षकाला सांगून गाडी सोडा. श्वासचाचणी दारू पकडते. झोप कुठलेच यंत्र पकडत नाही, ती तुम्हालाच सांगावी लागते. बारा तासांच्या पाळीनंतर डबल ड्यूटी मागणारा मालक तुमच्या हातात धोक्याचे काम देत असतो, आणि याची जबाबदारी एकट्या चालकावर ढकलणे अन्यायाचे आहे असे माझे ठाम मत आहे.

चालत्या विमानाविषयी थोडे, कारण लोहगावची रचना निराळी आहे. धावपट्टी आणि टॉवर हवाई दलाकडे आहेत, हा लढाऊ विमानांचा तळ आहे, आणि नागरी भाग त्याच्या कडेला. तुमचा परवाना ज्या भागापुरता आहे त्याच्या बाहेर रेडिओवर परवानगी घेतल्याशिवाय एक चाकही जाता कामा नये. २०२२ च्या नोव्हेंबरात पेरूच्या लिमा विमानतळावर उड्डाण घेणाऱ्या ए३२० निओच्या वाटेत अग्निशमन गाडी आली. विमानातले सगळे वाचले, गाडीतले जवान गेले.

एप्रनवर विमानाला नेहमी आधी वाट. टगने ओढल्या जाणाऱ्या विमानालाही. वैमानिकाला दिसते आहे असे कधी गृहीत धरू नका. ए३२० च्या कॉकपिटमधून नाकापुढची साधारण दहा मीटर जमीन दिसतच नाही. या पट्ट्यात उभा टग, मोटार, माणूस, सगळे त्याच्या दृष्टीने नाहीतच. पुशबॅक (टगने विमान मागे ढकलणे) संपल्यावरचा क्रम म्हणूनच इतका कडक असतो: पार्किंग ब्रेक लागल्याचे हेडसेटवर ऐकायचे, टोबार (टग जोडणारी दांडी) सोडवायचा, टग बाजूला काढायचा, ढकलताना पुढच्या चाकाचे स्टिअरिंग मोकळे ठेवणारी बायपास पिन काढायची, हेडसेट काढून वैमानिकाला दिसेल अशा जागी उभे राहायचे, पिन त्याला हात उंचावून दाखवायची, आणि त्याने उत्तरादाखल हात केला की मगच मोकळी वाट द्यायची. टग अजून नाकाखाली आहे आणि अंगठा दाखवला गेला, असे कधीही होऊ नये. बेच्या मागच्या रस्त्याने जाताना एखाद्या विमानाचा बीकन पेटलेला दिसला तर थांबा. ते कुठल्याही क्षणी मागे येणार असते.

एवढे करूनही लागले तर?

जागच्या जागी थांबा आणि गाडी मागे घेऊ नका. हा पहिला आवेग असतो आणि त्याने पत्रा आणखी फाटतो, शिवाय कुठे कसे लागले याचा पुरावा जातो. आग, इंधनाची गळती किंवा कुणी अडकलेले असेल तरच हलवायची. हँडब्रेक, इंजिन बंद. बेवरच्या प्रमुखाला, विमानाच्या इंजिनिअरला आणि वैमानिकाला लगेच, तोंडी सांगा. प्रवासी चढत असतील तर चढणे थांबवा. एप्रन कंट्रोलला त्यानंतर कळवले जाते. नुसता स्पर्श झाला, आवाजही झाला नाही, रंगही गेला नाही, तरी हेच करायचे. पोचा आहे की नाही हे ठरवणे तुमचे काम नाही आणि पर्यवेक्षकाचेही नाही. तो अधिकार परवानाधारक इंजिनिअरचा. "काही नाही झालं, पुसून टाक" असे कुणी म्हणाले तर त्याला नम्रपणे नाही म्हणा आणि इंजिनिअरकडे जा. श्वासचाचणी होईल, गाडी बाजूला काढतील, परवाना काही दिवस तुमच्याकडे नसेल. हे सोसावे लागते. कंपन्यांनीही हे समजून घेतले पाहिजे की स्वतःहून सांगणाऱ्याची नोकरी गेली तर पुढचे दहा जण गप्प बसतात, आणि न सांगितलेली एक चुण आकाशात फाटते.

लिहून देताना बे क्रमांक, वेळ, गाडीचा क्रमांक, गाडीचा कोणता भाग लागला, विमानाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दारापासून किती अंतरावर, जमिनीपासून किती उंचीवर, तेव्हा गाडी पुढे जात होती की मागे, आणि गाइड कुठे उभा होता, एवढे लिहा. प्रत्येक विमानाच्या जुन्या पोच्यांची नोंद इंजिनिअरकडे असते. समोर दिसणारी खूण त्या नोंदीत आहे की आजची आहे, हे त्याने टॉर्च लावून, बोट फिरवून, मोजून सांगेपर्यंत ते विमान बेवरच राहिले पाहिजे.